किल्ली पुसण्याआधी

नोव्हेंबर २०२३मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत कुणीतरी शिरलं. जगभरच्या संकेतस्थळांची राखण करणं हाच जिचा धंदा, अशी ही कंपनी. शिरणाऱ्याने कुलूप फोडलं नव्हतं की भिंत पोखरली नव्हती. त्याच्या हातात किल्ल्या होत्या. महिनाभर आधी ऑक्टा या दुसऱ्या कंपनीत चोरी झाली होती आणि त्या चोरीत क्लाउडफ्लेअरचीही टोकनं आणि खात्यांचे पासवर्ड बाहेर गेले होते. ते कळल्यावर कंपनीने बदलाबदल केली, पण हजारोंमधले चार राहून गेले. एक टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट. का राहिले, हे कंपनीने १ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्वच्छ सांगितलं आहे. ते चार वापरात नाहीत, असा समज झाला होता.

हा अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या एका कारणापाशी मी बराच वेळ थांबले, कारण ते वाक्य मी स्वतः अनेकदा बोलले आहे. ‘ती कुणी वापरत नाही, राहू दे.’ माळ्यावर टाकलेल्या वस्तूकडे बघावं तसं आपण तिच्याकडे बघतो. जुना स्टोव्ह माळ्यावर दहा वर्षं पडून राहिला तर धूळ खाईल, कुणाचं काही बिघडवणार नाही. किल्लीचं तसं नसतं. आपण वापरली नाही तरी ती कुलूप उघडतेच, आणि ज्याच्या हाती लागेल त्याला उघडून देते. शिवाय आपण वापरत नसल्यामुळे तिच्यावर कुणाची नजरही नसते. रोजच्या वापरातली किल्ली भलत्या वेळी, भलत्या ठिकाणाहून फिरली तर कुणाला तरी शंका येईल. विसरलेल्या किल्लीबद्दल शंका यायलाही आधी ती आठवावी लागते.

या पुस्तिकेचा विषय तेवढाच आहे. माहितीपर्यंत पोचवणारी किल्ली वेब एपीआयमार्फत कायमची पुसायची, आणि पुसताना चालू काम मोडायचं नाही. आज्ञा एका ओळीची आहे. एका ओळीसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं मला दोघातिघांनी विचारलं. ही प्रस्तावना त्यांना उत्तर म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दांचं. ऑफिसात आम्ही सगळे ‘की’ म्हणतो आणि बोलताना त्यात काही अडत नाही. लिहायला बसलं की मात्र ‘कळलं की की डिलीट झाली’ अशी वाक्यं होतात, म्हणून इथे किल्ली हा शब्द घेतला आहे. ज्यांच्या तोंडी चावी आहे त्यांनी चावी वाचावं. ‘डिलीट’साठी पुसणं आणि ‘डिसेबल’साठी बंद करणं हे शब्द ठेवले आहेत. बंद केलेली किल्ली पुन्हा चालू करता येते, पुसलेली येत नाही. या दोन क्रियापदांमधलं अंतर हाच पुस्तिकेचा कणा आहे, तेव्हा वाचताना ती एकमेकांच्या जागी घेऊ नयेत.

उदाहरणं बहुतेक अॅमेझॉनच्या क्लाउडची आहेत, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. तिथल्या किल्लीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे तिचा नंबर. तो वीस अक्षरांचा असतो आणि कायमस्वरूपी किल्लीचा असेल तर ए, के, आय, ए या चार अक्षरांनी सुरू होतो. नंबर लपवायचा नसतो, तो लॉगमध्ये उघड दिसतो. दुसरा भाग चाळीस अक्षरांचं गुपित. किल्ली तयार होते त्या क्षणी ते एकदाच दाखवलं जातं. तेव्हा उतरवून घेतलं नाही तर कंपनीकडे मागूनही परत मिळत नाही.

हे गुपित तारेवरून जात नाही, ही गोष्ट पुष्कळ अनुभवी लोकांनाही नीट ठाऊक नसते. आपला प्रोग्रॅम विनंतीचा मजकूर, तारीख आणि वेळ घेतो, गुपित वापरून त्यावर गणित करतो आणि निघालेली सही विनंतीसोबत पाठवतो. पलीकडे अॅमेझॉन नंबर बघून त्या किल्लीच्या आधारे तेच गणित पुन्हा करतं. सह्या जुळल्या तर दार उघडतं. सहीत वेळ गुंतलेली असल्यामुळे कालची सही आज चालत नाही. बहुतेक सेवांना विनंती पाच मिनिटांच्या आत पोचावी लागते.

मग पुसतो तेव्हा नेमकं काय पुसलं जातं? आपल्याकडचं गुपित तसंच राहतं. लॅपटॉपवरच्या फाइलीत, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये, तीन वर्षांपूर्वीच्या मेलमध्ये ती चाळीस अक्षरं जिथल्या तिथे असतात. पलीकडच्या बाजूची ओळख तेवढी जाते. सही ओळखणारं कुणी उरत नाही, म्हणून ती अक्षरं निर्जीव होतात. हे कुलपाच्या बाजूचं काम आहे. मी इतक्या ठिकाणी उलटं होताना पाहिलं आहे! प्रोग्रॅममध्ये गुपित लिहिलेलं सापडतं, धावपळ होते, ती ओळ काढून नवा कमिट केला जातो आणि ‘काढली’ असं सांगून सगळे निर्धास्त होतात. गिटच्या इतिहासात ती ओळ अजून असते, ज्याने ज्याने कोड उतरवून घेतला त्याच्याकडे असते, आणि कुलूप तर हललेलंच नसतं.

इथेच आणखी एका किल्लीची गाठ सोडवून ठेवायला हवी. माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करण्यासाठी जी किल्ली असते तिलाही ऑफिसात आपण ‘की’च म्हणतो. नाव एक, परिणाम अगदी उलटे. प्रवेशाची किल्ली पुसली तर दार बंद होतं आणि आतली माहिती सुखरूप असते. एन्क्रिप्शनची किल्ली पुसली तर माहिती जागेवरच असते, पण पुन्हा कधीच कुणाला वाचता येत नाही. म्हणूनच अॅमेझॉनच्या केएमएस सेवेत एन्क्रिप्शनची किल्ली एका आज्ञेत नष्ट करताच येत नाही. सात ते तीस दिवसांची मुदत घालावी लागते, न सांगितल्यास ती तीस दिवस धरली जाते, आणि तेवढ्यात मन बदललं तर आज्ञा मागे घेता येते. प्रवेशाच्या किल्लीला अशी मुदत नाही. तिथे आज्ञा दिली की काम झालं. ती मुदत आपली आपण घालायची असते.

मी ती घातली नव्हती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका कंपनीत मी काम करत होते आणि मार्चअखेरीस ऑडिट येणार म्हणून किल्ल्यांची यादी काढली होती. एका वापरकर्त्याचं नाव ‘टेम्प टू’ असं होतं. कुणी तयार केला, कशासाठी, माहीत नाही. टीममध्ये विचारलं, सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटचा वापर जवळपास एक वर्षापूर्वीचा. नव्वद दिवस न वापरलेली किल्ली काढायची असा आमचा नियम, ही तर त्याच्या चौपट जुनी. मी पुसली, यादीत बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

२ एप्रिलला सकाळी नाशिकच्या गोदामातून फोन आला. ‘मॅडम, वर्षअखेरचे आकडे आलेच नाहीत.’ तिथल्या एका जुन्या मशीनवर वर्षातून एकदा, १ एप्रिलच्या रात्री, एक स्क्रिप्ट चालायची. वर्षभराचा साठ्याचा हिशेब क्लाउडवरून खाली उतरवायची. लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मी यादी पुन्हा उघडली. शेवटच्या वापराच्या रकान्यात आदल्या वर्षीच्या १ एप्रिलची तारीख होती. ती माझ्या डोळ्यांसमोरच होती. किती दिवस झाले ते मी मोजलं, पण तारीख कोणती आहे ते वाचलं नाही. त्या रकान्याशेजारी कोणती सेवा वापरली आणि कोणत्या रीजनमधून, तेही लिहिलेलं असतं. ते वाचलं असतं तर ही किल्ली वर्षातून एकदा फायली उतरवते, एवढं तरी ध्यानात आलं असतं.

पुसलेली किल्ली परत आणता येत नाही. नवी केली, पण तिचं गुपित नाशिकच्या मशीनवर कसं पोचवायचं? फोनवर सांगायचं नाही, मेलवर पाठवायचं नाही, आणि त्या मशीनला बाहेरून हात लावायची सोय नव्हती. शेवटी आमच्यातला एक जण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने शिवाजीनगरहून नाशिकला गेला, मशीनसमोर बसून गुपित भरलं आणि संध्याकाळी आकडे आले. दोन दिवस गोदामाचा हिशेब अडला. किल्ली नुसती बंद केलेली असती तर पहिल्या फोननंतर दोन मिनिटांत ती चालू झाली असती, आणि त्या मशीनचा मालक कोण हेही कळलं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की सगळं कसब बंद करणं आणि पुसणं यांच्या मधल्या थांबण्यात आहे. यादी काढणं, शेवटचा वापर पाहणं, कोण वापरतं त्याचा माग काढणं ही तयारी झाली. ती कितीही नीट केली तरी अंदाजच असतो. बंद करणं ही चाचणी आहे. ज्याला ती किल्ली खरोखर लागते तो ओरडतो. शांतता राहिली तर पुसायचं. किती दिवस वाट पाहायची, याचं एक उत्तर नाही. अॅमेझॉनच्या मार्गदर्शनात काही दिवस थांबायला सांगितलं आहे, आणि रोज चालणाऱ्या कामाला ते पुरतं. पण हिशेबाच्या यंत्रणेला महिनाअखेर असते, तिमाही असते, ३१ मार्च असतो. दुकानदारांच्या यंत्रणेत दिवाळीच्या आठवड्यातच जागी होणारी कामं असतात. किल्ली ज्या धंद्याची, त्या धंद्याचा एक पूर्ण फेरा तिने बंद अवस्थेत काढावा, असं मी सांगते. बंद किल्ली वर्षभर पडून राहिली तरी चालेल, कारण ती कुलूप उघडत नाही. घाई करायची तर ती बंद करण्याची करावी.

या थांबण्यासाठी यंत्रणेत सोय केलेली आहे, फक्त ती वापरावी लागते. अॅमेझॉनमध्ये किल्ली बंद-चालू करायची परवानगी वेगळी आणि पुसायची वेगळी. रात्रपाळीच्या माणसाला पहिली द्यावी, दुसरी देऊ नये. मध्यरात्री संशय आला तर त्याने बेधडक बंद करावी, सकाळी गरज पडल्यास चालू करता येईल. दुसरी सोय म्हणजे एका वापरकर्त्याला एका वेळी दोनच किल्ल्या मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर स्टोरेज खात्यालाही दोनच असतात, आणि तिथे तर किल्ली पुसत नाहीत, नव्याने घडवतात, म्हणजे जुनी आपोआप मरते. दोन का, तर बदलताना काम थांबू नये म्हणून. नवी काढा, सगळीकडे भरा, जुनी बंद करा, थांबा, पुसा. दुसरी जागा नेहमी रिकामी असायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच खात्यांत दोन्ही जागा भरलेल्या असतात आणि कुठली कशासाठी ते कुणी सांगू शकत नाही. मग ज्या दिवशी खरोखर तातडीने नवी किल्ली हवी असते त्या दिवशी ‘मर्यादा संपली’ असं उत्तर येतं आणि कुणाला तरी घाबऱ्याघुबऱ्या एक पुसावी लागते. सर्वांत वाईट निर्णय असेच घेतले जातात.

आता ती एका ओळीची आज्ञा. वेबवर पुसण्याची विनंती कशी असावी याबद्दल जुने धडे आहेत. मे २००५मध्ये गूगलने वेब अॅक्सिलरेटर नावाचं साधन आणलं. वाचकाने दुवा दाबायच्या आधीच पानावरचे दुवे उघडून ठेवायचे, म्हणजे पुढचं पान झटकन येईल, अशी त्याची युक्ती होती. काही वेब अॅप्लिकेशनांमध्ये ‘पुसा’ हाही एक साधा दुवा होता. साधनाने तोही उघडला आणि लोकांच्या नोंदी कुणी काही न दाबता गेल्या. वाचण्याची विनंती आणि मोडण्याची विनंती एकाच रूपात येऊ नये, हे त्यातून अनेकांना कळलं. एचटीटीपीत पुसण्यासाठी ‘डिलीट’ ही वेगळी क्रिया आहे आणि तिचा एक गुण जून २०२२च्या आरएफसी ९११० या प्रमाणातही नोंदलेला आहे. ती एकदा पाठवली काय, पाचदा पाठवली काय, शेवटची स्थिती तीच राहते.

हा गुण किल्लीच्या बाबतीत फार मोलाचा आहे. पुसायची विनंती गेली आणि उत्तर येण्याआधी नेट गेलं, असं समजा. पुसली गेली की नाही? कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवायला भीती नसावी, एवढी हमी इथे मिळते. पण दुसऱ्यांदा उत्तर काय यावं, यावर एकमत नाही. अॅमेझॉनची एपीआय जुन्या वळणाची आहे, तिची आवृत्ती आजही ८ मे २०१० या तारखेनेच ओळखली जाते. ती सांगते, अशी किल्ली नाही, ४०४. ओऑथची टोकनं रद्द करण्यासाठी ऑगस्ट २०१३मध्ये आलेलं आरएफसी ७००९ वेगळी वाट घेतं. टोकन अवैध असलं, आधीच रद्द झालेलं असलं, तरी उत्तर २००, म्हणजे ‘झालं’. ते टोकन चालू नये हाच हेतू होता आणि तो साधलेला आहे, मग चूक कसली दाखवायची, असा त्यामागचा विचार.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच ४०४ आल्यावर काय करायचं यावर पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या स्क्रिप्टने ४०४ला ‘आधीच पुसली, काम झालं’ असं समजणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण ‘सापडली नाही’ याचा आणखी एक अर्थ होतो, आपण चुकीच्या घरात शोधतो आहोत. टेस्टच्या खात्यात शिरून प्रॉडक्शनची किल्ली पुसायला गेलो, वापरकर्त्याचं नाव एका अक्षराने चुकलं, तरी उत्तर तेच ४०४. स्क्रिप्ट समाधानाने पुढे जाते आणि खरी किल्ली जिवंत राहते. म्हणून पुसण्याआधी आपण कोणत्या खात्यात आहोत हे विचारून घ्यावं, आणि पुसल्यावर यादी पुन्हा काढून ती दिसत नाही याची खात्री करावी. हा बदल सगळीकडे पसरायला थोडा वेळ लागतो, तेव्हा लगेच विचारून घाबरू नये.

आणखी एक खाच याच विनंतीत आहे. वापरकर्त्याचं नाव दिलं नाही, तर ज्या किल्लीने सही केली तिच्याच मालकाला अॅमेझॉन तो वापरकर्ता मानतं. म्हणजे स्वतःची किल्ली वापरून स्वतःचीच किल्ली पुसता येते. बसलेली फांदी तोडण्याचा हा प्रकार प्रत्यक्षात घडतो. यादीवरून एकेक किल्ली पुसत जाणाऱ्या स्क्रिप्टने मधेच स्वतःची पुसली, की पुढच्या सगळ्या विनंत्या नाकारल्या जातात आणि काम अर्धवट लोंबकळतं. सही करणाऱ्या किल्लीचा नंबर यादीतून आधी वगळावा. दोन ओळींचं काम आहे. त्या दोन ओळी नसलेल्या स्क्रिप्ट मी जेवढ्या पाहिल्या, तेवढ्या असलेल्या पाहिल्या नाहीत.

इथवर चुकून पुसण्याबद्दल बोलले. पण गेल्या काही वर्षांत ज्या गोष्टीने मला जास्त अस्वस्थ केलं ती न पुसण्याची आहे, आणि तिचं मूळ भीतीत आहे. १५ मार्च २०२१ रोजी, भारतात १६ तारीख लागून अर्धा तास झाला असताना, मायक्रोसॉफ्टची लॉगिन यंत्रणा जगभर कोलमडली. टीम्स आणि ऑफिसमध्ये लोकांना शिरता येईना. वापरात नसलेल्या सह्यांच्या किल्ल्या वेळापत्रकाप्रमाणे काढून टाकणारी एक स्वयंचलित व्यवस्था तिथे होती. एका किल्लीवर ‘ही राहू द्या’ अशी खूण केलेली होती. व्यवस्थेतल्या दोषामुळे ती खूण वाचलीच गेली नाही, किल्ली निघाली आणि तिने सही केलेल्या टोकनांवर कुणी विश्वास ठेवेना.

याच कंपनीची दुसरी किल्ली पाहा. २०१६ साली तयार झालेली, ग्राहकांच्या खात्यांसाठी सह्या करणारी. मार्च २०२१मध्ये ती निवृत्त व्हायला हवी होती. अमेरिकी सरकारच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने एप्रिल २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लिहिलं आहे की हाताने किल्ल्या बदलण्याच्या प्रक्रियेशी निगडित असा मोठा खोळंबा २०२१मध्ये झाला आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या ग्राहक-किल्ल्या बदलणंच थांबवलं. दोन वर्षांनी, २०२३च्या उन्हाळ्यात, चीनशी जोडलेल्या हल्लेखोरांनी त्याच २०१६च्या किल्लीने टोकनं घडवली आणि २२ संस्थांमधल्या पाचशेहून अधिक लोकांच्या टपालपेट्या उघडल्या. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो त्यांत होत्या. एकट्या परराष्ट्र खात्याच्या सुमारे ६०,००० मेल गेल्या.

एकदा हात पोळला म्हणून चुलीजवळ जायचंच नाही, असं घरात चालत नाही आणि इथेही चालत नाही. पण ती भीती मला समजते. नाशिकच्या फोननंतर पुढचे कित्येक महिने मी एकही किल्ली पुसली नव्हती. कुणी विचारलं तर ‘बघू’ म्हणायचे. माझ्यासारखे किती जण असतील, आणि त्यांच्या ‘बघू’मागे किती किल्ल्या जिवंत असतील, हा विचार या पुस्तिकेमागे आहे. पुसायला हात धजावतो तो परतीची वाट माहीत असते तेव्हाच, आणि बंद करणं ही ती परतीची वाट आहे.

सगळ्याच किल्ल्या अशा सुटसुटीत नसतात. मायक्रोसॉफ्टच्याच कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संशोधकांनी गिटहबवर एक दुवा ठेवला होता. त्यात अॅझ्युअर स्टोरेजचं एक टोकन होतं. काही फायली लोकांना घेता याव्यात एवढाच हेतू, पण टोकन सगळ्या खात्याचं निघालं. विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २२ जून २०२३ला कळवलं तेव्हा त्यामागे ३८ टेराबाइट माहिती उघडी होती, आणि टोकनाची मुदत होती २०५१पर्यंत. अशा टोकनाची पलीकडे नोंदच होत नाही. ते खात्याच्या किल्लीने सही करून आपल्याच मशीनवर तयार होतं, त्यामुळे नेमकं ते एकच पुसा अशी आज्ञा देता येत नाही. मूळ किल्ली बदलायची, आणि तिच्या सहीने चालणारी बाकीची सगळी टोकनं त्यासोबत मेली तरी ते सोसायचं. जी किल्ली एकटी पुसता येणार नाही ती तयार करतानाच मुदत तासांत मोजावी, वर्षांत नव्हे.

चोरीला गेलेल्या किल्लीचं सगळं वेगळं. तिथे वाट पाहायची नाही, फेरा पूर्ण होऊ द्यायचा नाही, काम बंद पडलं तर पडू द्यायचं. त्या क्षणी बंद करायची. ‘रिपॉझिटरी खासगी आहे, बाहेर कुणाला दिसत नाही’ हे समाधान मानू नये. २०१६मध्ये उबरच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती ज्या किल्लीने गेली ती खासगी रिपॉझिटरीतच सापडली होती. मात्र बंद केल्यावर थांबायचं ते वेगळ्या कारणाने. चोराच्या हाती असताना त्या किल्लीने काय काय केलं, तिच्या जोरावर नवे वापरकर्ते, नव्या किल्ल्या काढल्या का, हे पाहायचं असतं. कायमस्वरूपी किल्लीच्या आधारे तात्पुरती टोकनं काढता येतात आणि मूळ किल्ली पुसली तरी ती आपली मुदत संपेपर्यंत चालू शकतात. अॅमेझॉनमध्ये ती छत्तीस तासांपर्यंतची असू शकतात. गूगलनेही आपल्या सर्व्हिस अकाउंटच्या किल्ल्यांबद्दल हेच बजावलं आहे. ती थांबवायला अॅमेझॉनमध्ये वापरकर्त्यावरच मनाईचं धोरण लावावं लागतं. दार बंद केलं, पण चोर आधीच आत येऊन खोलीत बसलेला असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

नोंदींबद्दल थोडंच सांगते, कारण ते प्रकरण सविस्तर आहे. मुंबई रीजन वापरणाऱ्या कितीतरी लोकांना किल्ली कुणी पुसली ते शोधताना काहीच सापडत नाही. किल्ल्यांची सेवा जागतिक असल्यामुळे तिच्या घटना अॅमेझॉनच्या नोंदवहीत, म्हणजे क्लाउडट्रेलमध्ये, उत्तर व्हर्जिनियाच्या रीजनखाली नोंदल्या जातात. मुंबई निवडून पाहणाऱ्याला पान कोरं दिसतं आणि तो नोंदच नाही असं समजतो. तिथला आयता इतिहास नव्वद दिवसांचा असतो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तेव्हा वेगळी साठवण आधीच लावलेली हवी.

किल्लीमागे शेवटी कुणाची तरी माहिती असते. दवाखान्यातल्या रुग्णाचा रिपोर्ट, सोसायटीतल्या कर्जदाराचा हप्ता, शाळेतल्या पोराचा पत्ता. त्या माणसाला किल्ली हा शब्दही ठाऊक नसतो, आणि तिची राखण मात्र आपल्याकडे असते.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण यादी काढण्यापासून सुरू होतं. त्या आज्ञेने काही बदलत नाही, काही मोडत नाही, ती फक्त वाचते. तुमच्या खात्यातली यादी काढा, प्रत्येक किल्लीसमोर मालकाचं नाव पेन्सिलने लिहा, आणि शेवटच्या वापराची तारीख मोठ्याने वाचा. जिच्यासमोर नाव लिहिता आलं नाही तिच्याभोवती गोल करा. तो कागद शेजारी ठेवून मग पान उलटा.